सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावूनही दाढ का किडते?

प्रश्न: दुधाच्या दाढेला ३८ टक्क्यांचं एसडीएफ (सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, कीड थांबवणारं औषध) लावलं होतं. ६ महिन्यांनी तपासलं तर कीड अजून मऊच आहे. कुठे चुकत असेल?

उत्तर १: बहुतेक वेळा ओलावा नडतो. लाळेने औषध पातळ होतं. आधी खड्ड्यातलं अन्न काढा, कापसाचे बोळे ठेवून दाढ कोरडी करा, मग मायक्रोब्रशने (अगदी बारीक ब्रशने) औषध चोळून १ मिनिट मुरू द्या. हिरडी-ओठांना आधी पेट्रोलियम जेली. दोन दाढांमधल्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे औषध सुपरफ्लॉसने (दातांच्या फटीत घालायच्या स्पंजी दोऱ्याने) न्या.

उत्तर २: एकदा लावून भागत नाही. वर्षातून दोनदा लावल्यास जास्त दात वाचतात. थांबलेली कीड कडक आणि काळी होते. तो डाग जात नाही, पालकांची संमती आधीच घ्या.

उत्तर ३: रात्री ठणका लागतो किंवा हिरडीवर फोड आहे? मग एसडीएफ नकोच, आधी एक्स-रे.