मदत हवी आहे: सक्युलंटच्या (जाड, रसाळ पानांच्या झाडांच्या) मातीत काय किती घालू?

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत राहते, पश्चिमेची बाल्कनी, ग्रिलमध्ये पंधराएक कुंड्या. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या तीन एचेव्हेरिया (फुलासारखी पानं रचलेलं सक्युलंट) गेल्या. आधी खालची पानं काचेसारखी पारदर्शक झाली, हात लावला की गळायची. उपटून पाहिलं तर देठ काळा, पिचपिचीत. पाणी पंधरा दिवसांतून एकदाच घालत होते हो! पण नर्सरीतून आल्या तेव्हापासून कुंडीत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वरून कोरडं ठाक, आत बोट घातलं तर ओलं.

आता नवीन मिश्रण असं ठरवलंय: एक भाग लाल माती, अर्धा भाग गांडूळखत, दोन भाग जाडी रेती आणि विटांचे वाटाण्याएवढे तुकडे. रेती चाळून बारीक भाग काढून टाकला, कारण मागे तो तसाच घातला तर माती सिमेंटसारखी घट्ट बसली. परलाइट (मातीत मिसळायचे पांढरे हलके दाणे) आणलं होतं, पण पाणी घातलं की सगळं वर तरंगतं. मला नाही आवडलं.

अडलंय ते असं. विटा फोडून चाळल्या तरी लाल भुकटी चिकटून राहते. धुऊनच घ्यायच्या का? निंबोळी पेंड मिसळू, की दमट हवेत तिलाच बुरशी धरेल? आणि हावर्थिया, जेड या दुसऱ्या सक्युलंटना हेच चालेल की माती थोडी वाढवू?

सासूबाई म्हणतात, "निवडुंगाला कसले एवढे लाड!" तरी मुंबई-कोकणाकडच्यांनी आपलं प्रमाण जरूर सांगा. पुण्याच्या मैत्रिणीचं इथे लागू पडलं नाही.