व्हिडिओ बघताना बॅटरी लवकर उतरते: प्लेअर बदलावा की फाईल?

गोदाकाठ:
राम राम मंडळी. अँड्रॉइड फोन, बॅटरी ५००० एमएएच. शेतीच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ मेमरी कार्डात भरलेत. फोनसोबत आलेल्या प्लेअरपेक्षा व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये बॅटरी बरीच जास्त जाते. काही फाईली तर फोनचा प्लेअर उघडतच नाही. व्हीएलसीत चालतात, पण फोन तापतो. व्हीएलसी सोडायचा नाही, कारण सबटायटलची वेगळी फाईल जोडणं, वेग कमी-जास्त करणं, पडदा बंद ठेवून नुसतं ऐकणं तिथंच जमतं. लोडशेडिंगमुळे चार्जिंगची खात्री नसते. काय करावं?

बालाघाट:
भाऊ, तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि कारणंही दोन.

फोनच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडायला वेगळा भाग असतो. तो ठरावीक कोडेकच (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) ओळखतो, पण अगदी कमी विजेत काम उरकतो. त्याला न जमणारी फाईल आली की तेच काम मुख्य प्रोसेसरवर पडतं. म्हणून फोन तापतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो आणि चित्र अडखळायला लागतं.

पहिली तक्रार: व्हीएलसीच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (म्हणजे चिपच्या त्या वेगळ्या भागाकडून काम करून घेणं) बघा. ते बंद असेल तर 'ऑटोमॅटिक' करा. एखाद्या फाईलीत चित्र हिरवं दिसलं म्हणून लोक ते बंद करतात आणि तसंच राहून जातं.

दुसरी: फाईलीसमोरच्या तीन टिंबांतून माहिती उघडा आणि कोडेक वाचा. एव्ही१ असेल तर स्वस्त फोनच्या चिपला ते बहुधा जमत नाही. एच.२६४ असूनही तापत असेल तर फाईल १० बिटची (रंगांच्या जास्त छटा साठवणारी) असू शकते. १० बिटचं एच.२६४ बहुतेक फोनच्या चिपा घेतच नाहीत. अशी फाईल संगणकावर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये एकदाच बदलून घ्या: 'फास्ट ७२०पी३०' प्रीसेट (तयार सेटिंग), एन्कोडर साधा एक्स२६४ (एच.२६४ बनवणारा, १० बिटवाला नव्हे), आरएफ (दर्जाचा आकडा) २२, एमपी४. आरएफ कमी केला की फाईल फुगते. हाताएवढ्या पडद्याला ७२०पी भरपूर झालं. मूळ फाईल पुसू नका, कारण प्रत्येक रूपांतरात थोडा दर्जा जातोच. सबटायटलच्या फाईलीला व्हिडिओचंच नाव देऊन शेजारी ठेवा, आपोआप जोडली जाते.

औंढा_रोड:
तपासणी नीट करा, नाहीतर दोष भलत्यावरच जाईल. विमान मोड, ब्राइटनेस हातानं ठरवून एकच, फाईल तीच, दोन्ही प्लेअरमध्ये एकेक तास. उन्हात ब्राइटनेस पूर्ण असेल तर पडदाच सगळ्यात जास्त खातो, तिथं कोडेक बदलून फार फरक पडत नाही. आणि नुसतं ऐकायचं असेल तर 'ऑडिओ म्हणून चालवा' निवडा; चित्र उलगडण्याचं कामच थांबतं.

तेरणाकाठ:
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. बॅटरीचं कारण पुढं करून वापरणाऱ्याचा पर्याय काढून घेणं जुनं आहे. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोनवर फ्लॅश (तेव्हा वेबसाइटवर व्हिडिओ दाखवायला वापरलं जाणारं सॉफ्टवेअर) का नाही, हे सांगताना आकडे दिले होते: चिपनं उलगडलेला एच.२६४ व्हिडिओ १० तासांपर्यंत चालतो, सॉफ्टवेअरनं उलगडलेला ५ तासांपेक्षा कमी. फरक खराच होता. पण तो कोडेक आणि चिप यांच्या जोडीचा फरक आहे, व्हीएलसीसारख्या मोकळ्या (ओपन सोर्स) प्लेअरचा दोष नाही. व्हीएलसीही अँड्रॉइडच्या त्याच सोयीतून त्याच चिपला काम देतो. फोननं 'ही फाईल जास्त बॅटरी खाईल' एवढं सांगावं आणि निर्णय मालकावर सोडावा. फाईल उघडूच न देणं मला मान्य नाही. नवा फोन घेताना चिपला एव्ही१ येतं का, हे आधी बघा. ते २०१८ चं, रॉयल्टी नसलेलं कोडेक आहे.

गोदाकाठ:
सेटिंग बंदच होतं, चालू केलं. तापणाऱ्या फाईली १० बिटच्याच निघाल्या. एमपीव्ही हा दुसरा प्लेअर घेतला तर बॅटरी आणखी वाचेल का?

बालाघाट:
फाईल चिपला जमणारी असेल तर फरक नगण्य. एमपीव्हीत पडद्यावरच 'एचडब्ल्यू' (काम चिपच्या त्या भागावर) की 'एसडब्ल्यू' (मुख्य प्रोसेसरवर) ते दिसतं, हा फायदा. मात्र त्यात चित्र सुधारणारे फिल्टर लावू नका. बऱ्याच फिल्टरसाठी प्रत्येक फ्रेम चिपकडून परत मेमरीत आणावी लागते, आणि वाचवलेली बॅटरी तिथंच जाते.