शब्दचर्चा: राज्याचं ‘ब्रँडिंग’ मराठीत कसं म्हणावं?

भाषांतरवाली:
एका सरकारी पुस्तिकेचं मराठी करून द्यायचं आहे. बाहेरच्या उद्योजकांचं राज्याबद्दल चांगलं मत व्हावं, त्यांनी इथे कारखाने काढावेत, म्हणून राज्य काय काय करतं, असा विषय. मी ‘राज्याचे प्रतिमासंवर्धन’ असं लिहून पाठवलं. साहेबांनी लाल पेनाने गोल करून परत पाठवलं: ‘हा शब्द विरोधक वापरतात.’ आधी हसू आलं, मग पटलं. ‘प्रतिमासंवर्धनावर कोट्यवधींची उधळपट्टी’ अशाच बातमीत हा शब्द भेटतो. स्वतःच्या कामाला तो लावणारं सरकार मी तरी पाहिलेलं नाही. ‘ब्रँडिंग’ही त्यांना नको आहे. मग काय लिहू?

शुद्धमती:
ब्रँडला ‘नाममुद्रा’ आहेच. त्यावरून ‘राज्याचे नाममुद्रांकन’ करा.

आगाऊ:
नाममुद्रांकन वाचून गुंतवणूकदार मुद्रांक शुल्क भरायला निघेल. आणि सरकारलाच मराठीची एवढी ओढ कुठे आहे? फेब्रुवारी 2018 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात गुंतवणूकदारांची परिषद भरली ती ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’. ‘चुंबकीय’ म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि बरंच झालं, नाहीतर मंत्रालयात खिळे चिकटले असते. तशाच परिषदेला 2003 पासून गुजरातीतही ‘व्हायब्रंट गुजरात’च चालतं. झारखंडने 2017 ला ‘मोमेंटम झारखंड’ केलं, बोधचिन्ह उडता हत्ती. विरोधकांना वर्षभराचा विनोद फुकट मिळाला.

भाषांतरवाली:
नावं राहू द्या, ती विशेषनामं आहेत. मला क्रियेसाठी शब्द हवा आहे.

मोडीवाचक:
क्रिया आपल्याकडे जुनी आहे, म्हणून शब्दही आहेत, फक्त ते जाहिरातीचे नाहीत. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर आधी ‘कौल’ देत. व्यापाऱ्यांनी यावं, घरं-दुकानं बांधावीत, अमुक वर्षं अमुक पट्ट्या, म्हणजे कर, माफ, कुणाचा उपद्रव लागणार नाही, असं सरकारने लिहून दिलेलं आश्वासन म्हणजे कौलनामा. पेठ वसवण्याची जबाबदारी घेणाऱ्याला शेटेपणाचं, म्हणजे पेठेच्या प्रमुखपणाचं, वतन मिळे. पडीक जमीन लागवडीला आणायची तर ‘इस्तावा’: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढत चढत पुरा धारा. आजच्या सवलतींच्या तक्त्यांची जात हीच. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालू आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून तालुक्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी, आणि जितका तालुका मागास तितकी सवलत जास्त. एखाद्या कारकुनाने त्याला ‘उद्योगांचा इस्तावा’ म्हटलं असतं तर पेशवे दफ्तरातल्या माणसाला लगेच कळलं असतं.

या जुन्या शब्दांत राज्य ‘दिसतं कसं’ हा मुद्दाच नाही. राज्याने लिहून काय दिलं आणि ते पाळलं का, एवढंच आहे. कौल मोडला की पेठ उठे. ‘पेठ उठली’ हा वाक्प्रचारच होता.

शुद्धमती:
म्हणजे पुस्तिकेवर ‘कौलनामा’ छापायचं? आज कौल म्हणजे मतदारांचा, नाहीतर घरावरचं.

मोडीवाचक:
छापा असं म्हणत नाही. प्रतिमा आणि पत यांतला फरक सांगतोय. ‘पत’ आपल्या तोंडात अजून आहे: पतपेढी, पतपुरवठा, पतमानांकन. पत ज्याने व्यवहार केला तो ठरवतो.

लेथवाला:
मोडीवाचकांशी सहमत. मी औद्योगिक वसाहतीत बत्तीस वर्षं शेड चालवली, पार्टस बनवून द्यायचो. एकदा परदेशी कस्टमर यायचा होता, तेव्हा असोसिएशनने चौकात मोठा स्वागतफलक लावला. घोषवाक्य, नेत्यांचे चेहरे, सगळं यथासांग. पाहुणा गाडीतून उतरला आणि फलकाकडे पाठ करून गटाराच्या कडेने चालत गेला, कारण चाळीस फुटी ट्रेलर कुठे वळतो ते त्याला बघायचं होतं. मग शेजारच्या शेडमध्ये शिरला आणि तिथल्या मालकाला विचारलं, लाईट आठवड्यातून किती वेळा जाते आणि सबसिडीचे पैसे आले का? मालकाने खरं ते सांगितलं. ऑर्डर मिळाली, पण निम्मी.

आमच्यात ‘प्रतिमा’ कुणी म्हणत नाही. ‘त्या एमआयडीसीचं नाव चांगलं आहे’ किंवा ‘तिकडचं नाव खराब आहे’ असंच बोलतात.

आगाऊ:
काका, मुद्दा भारी. पण वर्तमानपत्रांची क्रियापदं बघितलीत का? उद्योग ‘खेचून आणले’, ‘वळवले’, ‘पळवले’. सप्टेंबर 2022 मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा तळेगावचा म्हणून चर्चेत असलेला प्रकल्प गुजरातेत गेला, तेव्हा आठवडाभर सगळे मथळे ‘पळवला’चेच. पुढे जुलै 2023 ला फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली, तेव्हा कुणी कुणाचं काय पळवलं होतं हे विचारायचं राहूनच गेलं.

भाषांतरवाली:
हो, आणि ‘सामंजस्य करार’ हा माझा दुसरा काटा. त्यात बंधन काहीच नसतं, पण ‘करार’ म्हटल्यावर वाचक धरून चालतो की ठरलं. 2018 च्या त्या परिषदेत 12.10 लाख कोटींचे, जानेवारी 2025 मध्ये दावोसला 15.70 लाख कोटींच्या घरातले. आकडा छापून येतो तो करारांचा, लोक वाचतात गुंतवणुकीचा. फॉक्सकॉनशीच ऑगस्ट 2015 मध्ये 5 अब्ज डॉलरचा सामंजस्य करार झाला होता, आणि जानेवारी 2020 मध्ये उद्योगमंत्र्यांनी तो प्रकल्प येत नसल्याचं सांगितलं. मला तिथे ‘इरादापत्र’ लिहावंसं वाटतं, पण ते वेगळ्या कागदाचं नाव आहे.

शुद्धमती:
इरादापत्र नको, कायद्याच्या भाषेत घोळ होईल. ‘सामंजस्य करार’च ठेवा आणि पुढे क्रियापद जपून वापरा. ‘इतकी गुंतवणूक आली’ नव्हे, ‘इतक्या गुंतवणुकीची तयारी दाखवली’.

मांडवीकाठ:
गोव्याहून. आमची अडचण उलटी. नाव इतकं झालंय की दुसरं काही ऐकूच येत नाही. समुद्र, कार्निव्हल, ‘सुशेगाद’ म्हणजे निवांतपणा. वेर्णा, कुंडईच्या वसाहतींत औषधांचे मोठे कारखाने आहेत, पण गोव्यात माणसं सकाळी कामाला जातात हे बाहेरच्यांना पटवायला वेळ लागतो. पर्यटन खात्याची प्रतिमा उद्योग खात्याला बाधते. म्हणून ‘राज्याची प्रतिमा’ असं एकवचन लिहिताना जरा विचार करा.

मोडीवाचक:
गडचिरोलीचंच पाहा. सरकारी यादीत ती अनेक वर्षं ‘विनाउद्योग जिल्हा’, भाषणांत आता ‘स्टील हब’. सुरजागडला लोहखाणीचं आणि कोनसरीला पोलाद कारखान्याचं काम चाललंय म्हणून दुसऱ्या नावाला अर्थ तरी आहे.

आणि ‘राज्य’ शब्दही तपासा. राज्य की सरकार? सुप्रीम कोर्टाने मे 2015 मध्ये सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कुणाचे फोटो नकोत म्हटलं, मार्च 2016 मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांना मोकळीक दिली. तेव्हापासून राज्याची जाहिरात कुठे संपते आणि सरकारची कुठे सुरू होते, ते फोटोच्या आकारावरून ओळखावं.

शुद्धमती:
संस्थानी काळात हा प्रश्न नव्हता, राजा म्हणजेच राज्य. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला. 1910 ची गोष्ट. ओगल्यांचा काचकारखानाही त्याच संस्थानात. औंधाने घोषवाक्य काढल्याचं ऐकिवात नाही, तरी किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी ही दोन नावं नकाशावर आली. मला वाटतं तुमचा शब्द इथे आहे: ‘लौकिक’. राज्याचा औद्योगिक लौकिक.

लेथवाला:
हां, हा चालेल. ‘नाव’चाच मोठा भाऊ.

आगाऊ:
पण लौकिक लोक देतात. त्याची ‘मोहीम’ कशी काढणार? ‘लौकिकवृद्धी अभियान’ म्हटलं की झालं परत प्रतिमासंवर्धन.

भाषांतरवाली:
म्हणूनच दोन शब्द करते. जाहिराती, परिषदा, परदेश दौरे यांना सरळ ‘प्रसिद्धी’. ते सगळं ज्यासाठी त्याला ‘लौकिक’. शीर्षक: ‘राज्याचा औद्योगिक लौकिक: प्रसिद्धी आणि सवलती’. सवलतींच्या प्रकरणात तळटीप देऊन ‘इस्तावा’ घालतेय. साहेबांनी गोल केला तर तुमचं नाव सांगेन, मोडीवाचक.

मोडीवाचक:
सांगा. मात्र ‘चढता सारा’ हे स्पष्टीकरण जोडा, नाहीतर सवलत वर्षागणिक वाढते असं वाटेल.

आगाऊ:
तसं वाटलं तर गुंतवणूकदार दुप्पट येतील.