वेब कॉम्पोनंटच्या युनिट टेस्ट: जेस्टच ठेवू की वेब टेस्ट रनर घेऊ?

ऐरोली_फ्रंटएंड:
नमस्कार मंडळी, ऑफिस ऐरोलीला, टीम छोटी आहे. आमच्याकडे काही ॲप रिॲक्टमधे, एक अँग्युलरमधे आणि एक जुनं जेएसपीवालं, म्हणून सगळीकडे चालतील असे कस्टम एलिमेंट (स्वतः बनवलेले एचटीएमएल टॅग, म्हणजेच वेब कॉम्पोनंट) लिट या लायब्ररीत बनवतोय. सध्या एक रक्कम भरायचा इनपुट आहे, 1234567 टाइप केलं की 12,34,567 दिसतं, आणि एक ड्रॉपडाउन, खाली जागा नसेल तर वरच्या बाजूला उघडतो. आता युनिट टेस्ट (एकेक भाग सुटा तपासणाऱ्या) लिहायच्यात. लीडचं म्हणणं जेस्ट हे टेस्टिंग टूल सगळ्यांना येतं तर तेच वापरा. नेटवर शोधलं तर कुठे कर्मा, कुठे वेब कॉम्पोनंट टेस्टर अशी टूल सुचवलीत, कुठे लिहिलंय की जेस्टमधे कस्टम एलिमेंट चालतच नाहीत. शिवाय बिल्ड सर्व्हरवर क्रोम टाकायचं तर सिक्युरिटीची परवानगी लागते. खऱ्या प्रोजेक्टमधे काय वापरता ते सांगा प्लीज.

घोडबंदर_कोडर:
कर्मा नव्याने घेऊच नका, 2023 मधे ते अधिकृतपणे डेप्रिकेट झालं, म्हणजे नवीन कामासाठी वापरू नका असं जाहीर केलं. वेब कॉम्पोनंट टेस्टर पॉलिमर या जुन्या लायब्ररीच्या काळातलं, तेही सोडा. जेस्टमधे चालत नाही हे मात्र जुनं झालं, जेस्टबरोबर पेजसाठी सहसा जेएसडॉम (ब्राउझरशिवाय चालणारी पेजची नक्कल) वापरतात आणि त्यात 2020 पासून, म्हणजे 16.2 पासून, कस्टम एलिमेंट आहेत. त्यामुळे एलिमेंट बनतो, शॅडो रूट (एलिमेंटच्या आतला, पेजपासून वेगळा ठेवलेला भाग) मिळतो, ॲट्रिब्यूट बदललं की कॉलबॅक पण येतो.

पण जेएसडॉम लेआउट करतच नाही हो. एलिमेंट कुठे आणि केवढा आहे ते गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्टला विचारा, सगळीकडे शून्य येतं. तुमचा ड्रॉपडाउन वर उघडायचा की खाली हे ठरवतो तेच मुळी या आकड्यांवरून, मग टेस्टमधे आकडे हाताने भरावे लागतात आणि शेवटी तुम्ही स्वतः भरलेले आकडेच तपासता. टेस्ट हिरवी दिसते, त्यातून ड्रॉपडाउनबद्दल काहीच कळत नाही. म्हणून टूलचं नाव नंतर बघा, आधी टेस्ट खऱ्या ब्राउझरमधे चालणार की नाही ते ठरवा.

वाशी_यूआय:
घोडबंदरवाल्यांशी सहमत. आम्ही वेब टेस्ट रनर (खऱ्या ब्राउझरमधे टेस्ट चालवणारं टूल) आणि ओपन डब्ल्यूसीचं टेस्टिंग पॅकेज वापरतो. प्रत्येक टेस्ट फाइल ब्राउझरच्या वेगळ्या पेजमधे चालते, हे कस्टम एलिमेंटसाठी फार सोयीचं आहे कारण एकदा डिफाइन केलेलं नाव त्या पेजमधून काढता येत नाही, दुसऱ्यांदा डिफाइन केलं की सरळ एरर. त्या पॅकेजमधलं फिक्स्चर (टेस्टसाठी एलिमेंट पेजवर मांडणारं फंक्शन) वापरलं की टेस्ट संपल्यावर एलिमेंट आपोआप साफ होतो. लिट आहे तर प्रॉपर्टी बदलल्यावर अपडेट-कंप्लीटला अवेट करायचं, म्हणजे रेंडर पूर्ण होईपर्यंत थांबायचं, नाहीतर जुनंच रेंडर तपासाल.

ऐरोली, तुमच्या रक्कमवाल्या इनपुटमधे एक गोष्ट आवर्जून तपासा. आतल्या इनपुटचा इनपुट इव्हेंट शॅडोच्या बाहेर येतो पण चेंज इव्हेंट येत नाही, तो कंपोज्ड (शॅडोची सीमा ओलांडणारा) नसतो. म्हणजे जेएसपीवाल्या पेजवर कोणी चेंजवर लिसनर लावला तर तो कधी वाजणारच नाही, तुम्हाला तो होस्टवरून, म्हणजे बाहेरच्या एलिमेंटवरून, पुन्हा डिस्पॅच करावा लागेल. म्हणून टेस्टमधे लिसनर बाहेरच्या एलिमेंटवरच लावा, शॅडो रूटमधे शिरून आतल्या इनपुटवर नको, आत लावलात तर टेस्ट पास होते आणि वापरणाऱ्याच्या हातात काहीच येत नाही. दुसरं म्हणजे कर्सर. 12,34,567 च्या मधे एक आकडा टाकला की स्वल्पविराम सरकतात आणि कर्सर उडी मारून शेवटी जातो. हे वेब टेस्ट रनरच्या सेंड-कीज कमांडने खऱ्या की दाबून तपासता येतं, व्हॅल्यू थेट सेट करून हे कधीच सापडणार नाही.

कळवा_क्यूए:
थोडं वेगळं मत मांडते. सगळंच ब्राउझरमधे नको. स्वल्पविराम टाकायचं लॉजिक साधं फंक्शन म्हणून बाहेर काढा आणि ते जेस्टमधेच तपासा. रिकामं, ऋण रक्कम, दशांश, पेस्ट केलेला कचरा, अशा ढीगभर केसेस तिथे झटपट होतात आणि तुमच्या लीडचंही ऐकल्यासारखं होतं. इव्हेंट, फोकस, स्लॉट (बाहेरून मजकूर घालायची जागा), फॉर्म सबमिट हे ब्राउझरमधे. फॉर्म सबमिट विसरू नका, मी वापरते त्या जेएसडॉममधे सेट-फॉर्म-व्हॅल्यू (एलिमेंटची व्हॅल्यू फॉर्मला देणारं फंक्शन) नाहीच.

परवानगीचं म्हणाल तर प्लेराइट या ब्राउझर चालवणाऱ्या टूलची तयार डॉकर इमेज (सगळं आधीच टाकलेलं पॅकेज) येते, ब्राउझर आतच असतात, सिक्युरिटीकडून तेवढी एकच इमेज पास करून घ्या. वेब टेस्ट रनर प्लेराइटच्या ब्राउझरवर चालतो, वेबकिट (सफारीचं इंजिन) पण मिळतं, सफारीच्या भानगडी लिनक्सवरच बऱ्यापैकी दिसतात. टीम आधीच व्हीट या बिल्ड टूलवर असेल तर त्याच्या जोडीच्या व्हीटेस्ट या टेस्ट टूलचा ब्राउझर मोड बघा, 2025 मधे आवृत्ती 4 पासून तो स्टेबल आहे.

ऐरोली_फ्रंटएंड:
खूप आभार सगळ्यांचे. चेंजवालं आत्ताच बघितलं, खरंच बाहेर येत नाहीये! लीडला फंक्शन जेस्टमधे आणि बाकी वेब टेस्ट रनरमधे असं सांगतो, इमेजची रिक्वेस्ट पण टाकली. शॅडो रूट क्लोज्ड ठेवला तर टेस्टला त्रास होईल का?

वाशी_यूआय:
होईल. प्लेराइटचे लोकेटर (पेजवर एलिमेंट शोधणारे) ओपन शॅडो रूट आपोआप ओलांडतात, क्लोज्डमधे शिरत नाहीत. तुमच्याकडे क्लोज्डचं खास कारण दिसत नाही, ओपनच ठेवा.