५४० मध्ये ४०७ चं इंजिन: कुणी बसवलंय का?

घाटवाट_०९

राम राम मंडळी. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली महिंद्रा एमएम ५४० आहे, फोर बाय फोर. आत प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. गाडी अजून देखणी आहे, इंजिन मात्र दमलंय. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पितंय. परवा वैभववाडीहून करूळ घाट चढताना असा धूर सोडला की मागचा दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवायचं सोडून लांबच थांबला.

पुढच्या जूनमध्ये ही गाडी घेऊन हिमाचलात मनालीच्या पलीकडं स्पितीला जायचंय. दोघंच जण, तंबू, शेगडी आणि चाळीस लिटर जादा डिझेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक टाटा ४०७ टेम्पोचं इंजिन बघून ठेवलंय, बिनटर्बोचं २९५६ सीसी. चालू करून दाखवलं, आवाज एकदम गोल. पाच हजार इसार देऊन बसलोय. मेस्त्री म्हणतोय आठ दिवसांत बसवून देतो, गिअरबॉक्स आहे तोच ठेवू. कुणी केलंय का हे? आठ दिवस खरं धरू का?

लाल_चिखल

मी केलंय भावा. चार वर्षं झाली, इंजिन अजून आत आहे. पण परत करशील का विचारलंस तर नाही.

आठ दिवसांत इंजिन आत बसतं, हे खरं. माझं सहा दिवसांत बसलं होतं. गाडी व्हायला सात महिने गेले.

पहिली गोष्ट अडॅप्टर प्लेट. ४०७ चं हौसिंग आणि जीपच्या गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये पाच-सहा सूत जाडीची प्लेट कापावी लागते. प्लेट कापणं सोपं, सेंटर धरणं अवघड. क्रँकचं सेंटर आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सेंटर एकाच रेषेत पाहिजे. डायल गेज (फरक दाखवणारं सुईचं माप) लावून पाच थाऊच्या आत आणायचं, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माझ्या लेथवाल्यानं नजरेनं धरलं. दीड हजार किलोमीटरवर इनपुटचं बेअरिंग ओरडायला लागलं आणि क्लच प्लेटचा हब फाटला. भुईबावडा घाटात, रात्री नऊ वाजता, मुसळधार पावसात. बायको अजून सांगत असते पाहुण्यांना.

दुसरं, चेंबर, म्हणजे इंजिनाखालचा ऑइलचा डबा. चढउतारात पुढचा एक्सल वर आला की डिफरन्शियल चेंबरला ठोकतं. इंजिन वर उचलावं तर बॉनेट बसत नाही. शेवटी चेंबर कापून नवीन वेल्डिंग केलं आणि आतली ऑइल ओढायची जाळीही हलवली. चेंबर कापणाऱ्याला एक बजावून सांग, जाळी तळापासून फार वर गेली तर तिरक्या चढावर इंजिन हवा ओढतं आणि ऑइलचं प्रेशर जातं.

वजन तर विचारूच नकोस. वजनकाट्यावर पुढचा भाग शंभर किलोच्या वर वाढलेला. पुढच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवला, स्टेरिंग तरीही दगड. ड्रम ब्रेक तेच जुने, त्यामुळं उतारावर गिअरवरच भरवसा. आणि हादरे! इंजिन फाउंडेशनचे रबर दोनदा बदलले, आरसा अजून थरथरतोय.

चिखलात मात्र राजा. क्लच सोडला की रेस न देता चढतंय. डायरेक्ट इंजेक्शन असल्यानं थंडीतही हीटर प्लगशिवाय पकडतं. तेवढ्यासाठी आत आहे.

पण तुझा खरा विषय स्पिती. मनालीच दोन हजार किलोमीटरच्या वर. ४०७ चं इंजिन २८०० आरपीएमच्या आसपास ताकद संपवतं, प्यूजो त्याच्या वर खूप फिरतं. एक्सल रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलला जाणारा दांडा) किती फिरतो तो आकडा, तोच राहिला तर हायवेला गाडी रांगणार. इसार सोडून दे म्हणत नाही, आधी रेशो मोज. मागची दोन्ही चाकं उचल, दोन्ही एकेक फेरा फिरव, प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोज. एकच चाक उचललं असेल तर ते दोन फेरे फिरवायचं. मग गाडी खाली घे, टायरवर खडूची खूण करून चाकाचा एक फेरा होईल इतकी ढकल, जमिनीवर टेपनं मीटरमध्ये माप घे. आरपीएम भागिले रेशो, गुणिले माप, गुणिले साठ, भागिले हजार. टॉप गिअरला तासाला किती किलोमीटर ते कळेल.

ऑस्ट्रेलियाच्या सैन्याच्या लँड रोव्हर पेरेंटीत इसुझूच्या ट्रकचं ३.९ लिटर इंजिन होतं, ते व्हिडिओ बघून मीही भुललो होतो. तिथं गिअरबॉक्स, एक्सल, सगळं त्या इंजिनाच्या हिशोबानं कारखान्यातच जुळवलेलं. आपण उद्यमनगरात जुळवतो.

पासिंगवाले_मामा

तांत्रिक तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ अ (४) आलं, त्यात एका बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ५४० ला दर पाच वर्षांनी पासिंग, तिथं इंजिन नंबर बघतात. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बॉनेट उघडेल. महिंद्राच्या गाडीत टाटाचं इंजिन, कुठल्या तोंडानं दावा करणार?

लाल_चिखल

मामा खरं बोलतात. माझी गाडी खासगी रानात आणि ट्रॅकवरच फिरते, रस्त्यावर काढत नाही. भुईबावड्याची गोष्ट रस्त्यावर काढायचो तेव्हाची, त्यानंतर अक्कल आली.

घाटवाट_०९

दादा, मामा, आभार. काल रविवारी भावाला घेऊन मोजलं. रेशो ४.८८ निघाला. टायर ७.५०-१६, एका फेऱ्याला २.४८ मीटर. २८०० ला ८५ चा वेग बसतोय, आरामात २२०० ला चालवलं तर ६७. उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना सुद्धा देवाचं नाव घ्यावं लागेल.

इसाराचे पैसे मेस्त्री परत देत नाही, त्या पाच हजारांत दुसरं काही काम करून घे म्हणतोय. म्हणून विचारतो, प्यूजोचाच नवा लायनर-पिस्टन संच घालून डिझेलच्या नोजल आणि पंपाचं कॅलिब्रेशन करून घ्यावं का?

लाल_चिखल

घाल. आधी क्रँक मोजून घे, ओव्हल असेल तर ग्राइंडिंग करून अंडरसाइज बेअरिंग. हेड प्लेन करायला दे आणि क्रॅक टेस्ट त्याच दिवशी कर, उद्या म्हणू नकोस. आणि डायल गेज तुझा तू घेऊन जा.