मदत हवी आहे: क्लच बदलला, आता गिअरबॉक्स परत बसत नाहीये

बोलेरो पिकअप, डिझेल, टू व्हील ड्राइव्ह. कांद्याचे ओव्हरलोड मारून मारून क्लचप्लेट पार रिवेटपर्यंत घासवली, चूक आमचीच. घरीच गिअरबॉक्स उतरवून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवीन टाकलं पण आता गिअरबॉक्स चढवताना शेवटचं बोटभर अंतर राहतंय. प्लेट प्लास्टिकच्या अलाइनरने सेंटर केलेली, स्प्रिंगची बाजू गिअरबॉक्सकडेच आहे, गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) प्लेट आधी हाताने सरकवून बघितली, मोकळी जाते, गिअरमध्ये टाकून मागनं आउटपुट शाफ्ट फिरवून पण झालं. बोल्टने ओढून घ्या म्हणू नका, प्लेटचा हब (मधला खाचांचा भाग) वाकला तर परत खर्च. जॅक एकच आहे. मग प्रेशर प्लेट सैल करून परत सेंटर करू, का आधी आतलं पायलट बेअरिंग (इंजिनच्या बाजूचं, ज्यात शाफ्टचं टोक बसतं ते) बघू?