मदत हवी आहे: जॉइन केला की कापसाचं वजन दुप्पट होते

राजेहो, दोन दिवसांपासून डोकं बधिर झालं आहे. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात कापूस खरेदीचा हिशेब मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवतो. टेबलं तीन: शेतकरी, काटापावती (वजनाची पावती), चुकारा (शेतकऱ्याला दिलेले पैसे).

एका भाऊनं तीनदा कापूस आणला, 12, 12 आणि 9 क्विंटल. चुकारा दोन हप्त्यांत झाला. तिन्ही टेबलं लेफ्ट जॉइननं (पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवून) जोडून सम, म्हणजे बेरीज, काढली, तर 33 चे 66 क्विंटल झाले अन् चुकारा तिप्पट! असा उतारा वावरात आला असता तर काय पाहिजे होतं.

कारण समजलं: तीन पावत्या गुणिले दोन हप्ते, म्हणून सहा ओळी. सममध्ये डिस्टिंक्ट (सारखा आकडा एकदाच धरणारं) टाकलं, तर दोन्ही 12 एकच धरले, बेरीज 21.

शेवटी पावत्या अन् चुकारा वेगवेगळ्या सबक्वेरीत (आतल्या क्वेरीत) शेतकऱ्यानुसार ग्रुप बाय करून मग जोडले. आकडे जुळले. पण ज्यांना एकही हप्ता मिळाला नाही त्यांची बाकी नल (रिकामी) दिसते. नलच्या जागी शून्य देणारं कोअलेस सबक्वेरीच्या आत लावू की बाहेरच्या सिलेक्टमध्ये? आत लावून फरक पडला नाही.

अन् हप्ता न मिळालेल्यांची यादी नॉट इननं (चुकारा टेबलात नसलेले शोधून) काढली तर एकही नाव येत नाही. चुकारा टेबलात काही शेतकरी क्रमांक नल आहेत, त्यामुळंच काय? त्याऐवजी नॉट एक्झिस्ट्स कसं लिहायचं, कोणी दाखवा ना भाऊ.